कामाच्या ठिकाणची तक्रार : अर्ज कोणाकडे आणि कसा करावा?

प्रश्न : मी चाकण औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात ठेकेदारामार्फत मशीनवर काम करतो. गेले काही महिने रोज दोन तास जादा थांबावे लागते, पण त्या तासांचे पैसे साध्या दरानेच मिळतात. सुपरवायझर ठेकेदाराला विचारायला सांगतात आणि ठेकेदार कंपनीकडे बोट दाखवतो. लेखी तक्रार केली तर कामावरून काढतील, अशी भीती वाटते. काय करावे?
– एक वाचक, खेड तालुका

उत्तर : आपली मागणी पूर्णपणे कायद्याला धरून आहे. जादा कामाचा मोबदला वेतनाच्या दराच्या किमान दुप्पट असला पाहिजे, ही तरतूद कारखाने अधिनियम, 1948 मध्ये होती आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही ती आहे. हे पैसे देण्याची पहिली जबाबदारी ठेकेदाराची असली, तरी त्याने ती पाळली नाही तर ज्या कंपनीत आपण प्रत्यक्ष काम करता तिच्यावर ती येते. म्हणून अर्ज ठेकेदाराच्या नावे करून त्याची प्रत कंपनीच्या व्यवस्थापनाला द्यावी, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवण्याला जागा उरणार नाही.

अर्जाच्या मजकुराबाबत मी आग्रहाने सांगेन की, ‘अन्याय’, ‘पिळवणूक’ हे शब्द आपल्या बाबतीत कितीही खरे असले, तरी अर्जाचा भार त्यांच्यावर टाकू नये, कारण असे शब्द एका ओळीत नाकारता येतात. त्याऐवजी कोणत्या तारखेला पाळी किती वाजता संपली, प्रत्यक्षात किती वाजता सुटी झाली, त्या महिन्याच्या पगारपत्रकात जादा तासांपोटी किती रक्कम दाखवली आहे आणि दुप्पट दराने ती किती व्हायला हवी होती, एवढे महिनावार लिहून शेवटी नेमकी मागणी मांडावी. हजेरीची नोंद, पगारपत्रके आणि बँकेच्या नोंदी यांच्या प्रती जोडाव्यात, मूळ कागद मात्र स्वतःजवळच ठेवावेत. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही आणि शिक्का असलेली पोच घ्यावी. पोच नाकारली, तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी.

वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असणे औद्योगिक संबंध संहितेने बंधनकारक केले आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून एक वर्षाच्या आत तिच्याकडे अर्ज करता येतो आणि समितीने 30 दिवसांत कामकाज पूर्ण करायचे असते. वेतनाच्या थकबाकीसाठी वेतन संहितेखालील प्राधिकाऱ्याकडे तीन वर्षांपर्यंत दावा करता येतो, त्यासाठी पुण्यातील कामगार विभागाच्या कार्यालयात चौकशी करावी. अशा दाव्यात पैसे दिले आहेत हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. ही गोष्ट फार थोड्या कामगारांना माहीत असते, म्हणून ती येथे मुद्दाम नोंदवत आहे.

आपली भीती निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. त्याच पाळीतील इतरांनाही कमी पैसे मिळत असतील, तर अर्ज सर्वांच्या सह्यांनी द्यावा आणि कारखान्यात संघटना असल्यास तिला सोबत घ्यावे. तरीही कामावरून काढलेच, तर त्याबाबत समेट अधिकाऱ्याकडे (मालक-कामगार वादात तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो आणि 45 दिवस उलटूनही तोडगा निघाला नाही, तर कामगाराला स्वतः थेट औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जाता येते. मात्र न्यायाधिकरणाकडचा हा अर्ज काढल्याच्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत करावा लागतो.

प्रश्न : आमच्या कार्यालयात आम्ही सहाच जण आहोत. मालकच अश्लील बोलतात, तर तक्रार कोणाकडे करू?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या ठिकाणी, तसेच तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तेव्हा, कामाच्या ठिकाणी महिलांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचे असते. घटनेपासून, किंवा असे प्रकार वारंवार घडले असल्यास शेवटच्या घटनेपासून, तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यावी. सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिने देऊ शकते, परंतु त्या भरवशावर थांबू नये. लिहिणे शक्य नसेल, तर तक्रार लिहून घेण्यास साहाय्य करणे हे समितीचे कर्तव्य आहे. चौकशी 90 दिवसांत पूर्ण व्हावी लागते आणि ती चालू असताना तीन महिन्यांपर्यंतची रजा आपण लेखी मागू शकता. ही रजा आपल्या हक्काच्या रजेतून वजा होत नाही. समितीचा पत्ता जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात मिळेल.