दोन देशांत वाटलेलं अभयारण्य सांभाळतं कोण?

एकच जंगल दोन देशांत पसरलं असेल तर ते कोण सांभाळतं, मध्ये कुंपण असतं का, असं तुम्ही विचारलंय.

सांभाळतात दोघंही, आपापल्या हद्दीत, आपापल्या कायद्याने. करार होतो तो गस्त, मोजणी आणि पर्यटन यांचा मेळ बसावा म्हणून. कुंपण असतंच असं नाही. बोट्स्वाना आणि दक्षिण आफ्रिका यांनी १९९९ साली करार करून कगालागाडी उद्यान एक केलं. सीमा नोसोब नदीच्या कोरड्या पात्रातून जाते आणि तिथे कुंपण नाही. ज्या फाटकातून आत गेलात त्याच फाटकातून परतणार असाल तर पासपोर्टसुद्धा लागत नाही. आपल्याकडे आसामचं मानस आणि भूतानचं रॉयल मानस असंच एकमेकांना लागून आहे. तिथे दोन्हीकडचे वाघांचे फोटो पट्ट्यांवरून ताडून पाहावे लागतात, नाहीतर एकच वाघ दोनदा मोजला जायचा.

पण खरा पेच जंगलापेक्षा नदीत पडतो, असं मला वाटतं. नेपाळमध्ये चितवन राष्ट्रीय उद्यानाच्या कसरा केंद्रात घडियालाची, म्हणजे लांब निमुळत्या तोंडाच्या सुसरीची, पिल्लं वाढवून नारायणी नदीत सोडतात. तीच नारायणी बिहारात आली की गंडक होते. नेमका सीमेवर, वाल्मीकीनगरला, १९५९च्या करारातून बांधलेला बंधारा आहे. पुराच्या पाण्याबरोबर घडियाल खाली वाहून येतात, पण बंधारा ओलांडून परत वर जाणं त्यांना जमत नाही. नेपाळने वाढवलेलं जनावर मग कायमचं आपल्या नदीत राहतं. त्याची काळजी नुसत्या सह्यांनी कशी घेतली जाणार? खालच्या गावातल्या कोळ्यांच्या जाळ्यात ते अडकलं तर सोडवायला रोज माणूस हवा.

हे मी इतक्या तळमळीने लिहितेय कारण मी ग्वाल्हेरची, आणि चंबळ आमच्यापासून तासा-दीड तासावर. तिथे देश एकच, पण राज्यं तीन : मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेश. चंबळेवरच्या राजघाटला नावाडी हात करून सांगतो, ‘ये किनारा मुरैना, वो किनारा धौलपुर.’ घडियालाची मादी मार्च-एप्रिलमध्ये वाळूत खड्डा करून अंडी घालते. एका काठावरची वाळू वाचवली आणि समोरच्या काठावरून ट्रॅक्टर भरून नेली, तर नदीचं अभयारण्य अर्धंच उरतं.

जूनच्या सुरुवातीला एकदा तिथे मी एक मोठा नर पाहिला. नाकाच्या टोकाला तो घड्यासारखा फुगवटा, ज्यावरून नाव पडलं, आणि पाठीवर दीड वीत लांबीची पिल्लं, एकमेकांवर चढून बसलेली. तो हळूहळू धौलपुरच्या बाजूला सरकत गेला. एक पिल्लू घसरून पाण्यात पडलं आणि पुन्हा पाठीवर चढायला धडपडू लागलं. नावाड्याने वल्हं पाण्याबाहेर काढून धरलं, आणि ते वर चढेपर्यंत नाव तशीच तरंगत ठेवली.