डेर झे की डी झे?

जर्मन शब्द पाठ करताना सोबतचं डेर, डी, डास गाळू नका; नामाआधी येणारे हे छोटे शब्द त्याचं लिंग सांगतात: डेर पुल्लिंगी, डी स्त्रीलिंगी, डास नपुंसकलिंगी. सुरुवातीला मी ते गाळलं आणि पुढे सगळे शब्द पुन्हा घोकावे लागले.

'झे' हा शब्द घ्या. डेर झे म्हणजे तळं, सरोवर. डी झे म्हणजे समुद्र. म्हणून बोडनझे हे सरोवर पुल्लिंगी, तर नॉर्डझे आणि ओस्टझे हे समुद्र स्त्रीलिंगी. 'आन डेन झे' म्हटलंत तर तुम्ही तळ्याकाठी निघालात, 'आन डी झे' म्हटलंत तर समुद्राकडे. तसंच डेर लायटर म्हणजे प्रमुख, डी लायटर म्हणजे शिडी. डी श्टॉयर हा कर, तर डास श्टॉयर गाडीचं स्टिअरिंग.

हे विचित्र वाटतं ना? पण आपणही 'माझा वेळ गेला' आणि 'जेवायची वेळ झाली' असं न अडखळता म्हणतोच. तीन लिंगांची सवय मराठी माणसाला घरातूनच असते, ती इथे खरंच कामी येते. फक्त मराठीतलं लिंग जर्मन शब्दाला लावू नका: सूर्य तिथे स्त्रीलिंगी आहे, चंद्र पुल्लिंगी.

कधी लिंगही मदत करत नाही. बाक आणि बँक, दोन्ही डी बांक. तिथे अनेकवचन बघा: बाकांचं बेंके, बँकांचं बांकेन.

विसेन आणि केनेन, दोन्हींचा अर्थ 'माहीत असणे'; त्यांचा गोंधळ मात्र लवकर सुटतो. माणूस किंवा गाव ओळखीचं असेल तर केनेन. 'तो कुठे राहतो ते मला ठाऊक आहे' अशा वाक्यात विसेन.

वहीत प्रत्येक नामापुढे लिंग आणि अनेकवचन आजपासूनच लिहा.