प्रशिक्षणाची जबाबदारी नवीन आली आहे? आधी हे कर

सगळ्यांसाठी एआयचा एकच कोर्स विकत घेऊ नकोस. आधी दोन आठवडे लोकांच्या शेजारी बसून बघ. पदनाम लिहू नकोस, काम लिही: कोण काय टाइप करतं, कशात वेळ जातो, चूक कुठे महागात पडते.

बुटीबोरीच्या एका कारखान्यात मी डिस्पॅचला अशीच बसले होते. बिलाचा फोटो दिला की एआय आकडे काढून द्यायचं. एकदा त्याने ३ चा ८ केला. तिथल्या काकांनी नुसत्या नजरेने ओळखलं, ‘एवढा माल त्या गाडीत मावतच नाही.’ ई-वे बिल, म्हणजे माल नेताना गाडीसोबत लागणारं जीएसटीचं ऑनलाइन कागदपत्र, चुकीचं निघालं असतं, तर गाडी रस्त्यात अडकली असती. असे काका तपासनीस म्हणून हवेत. त्यांना ‘जुने’ म्हणून बाजूला सारू नकोस, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत कोण निवृत्त होतंय ती यादी आजच काढ.

नव्या पोरांची सोपी कामं एआयला देऊन भरती थांबवायचा मोह साहेबांना होईल. तिथे ठाम बोल. आज कच्ची नोंद करणारा नसेल, तर उद्या चूक ओळखणारा कुठून येणार?

शिकवणी ड्युटीच्या वेळेतच ठेव. संध्याकाळी सातला घरी पोचणाऱ्याकडून रात्री व्हिडिओ बघायची अपेक्षा करणं मला अन्यायाचंच वाटतं. एआयला मराठीत प्रश्न विचारले तरी चालतं, हेही सांग. निम्मी भीती तिथेच जाते.

पगारपत्रक, आधार क्रमांक फुकटच्या चॅटबॉटमध्ये कुणी टाकायचे नाहीत. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहे, तो पहिल्याच दिवशी समजावून सांग.