फरसबंदीखाली झाडांच्या मुळांना पुरेशी जागा कशी द्यावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: नव्या पदपथाच्या कडेने झाडांची रांग लावायची आहे; खालची जमीन घट्ट दाबल्याशिवाय फरसबंदी टिकणार नाही असे अभियंते सांगतात, तर दाबलेल्या जमिनीत झाड वाढणार नाही असे वृक्षतज्ज्ञ सांगतात; मग कोणाचे ऐकावे, आणि मुळांनी पुढे फरशा उचलू नयेत यासाठी काय करावे? पदपथाचा आणि वृक्षारोपणाचा आराखडा एकमेकांत बसवणे हे माझे काम असल्यामुळे हा वाद मला चांगला परिचयाचा आहे. दोघांचेही म्हणणे खरे आहे. म्हणूनच एकाचे मानून दुसऱ्याला गप्प बसवण्यात अर्थ नाही. फरसबंदीचा भार वाहण्याचे काम मातीकडून काढून दुसऱ्या कशाकडे तरी सोपवावे लागते. पुढे सांगितलेल्या सर्व पद्धती हे एकच काम निरनिराळ्या रीतीने करतात.

मुळांना नेमके काय हवे असते, तेथून सुरुवात करतो. झाडाची मुळे सोटमुळाच्या आधाराने खोल जातात, ही समजूत शहरी झाडांच्या बाबतीत फारशी उपयोगाची नाही. बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या ६० ते ९० सेंटिमीटरच्या थरात राहतात आणि आडवी पसरतात, तीही पर्णसंभाराच्या घेराच्या बरीच बाहेरपर्यंत. याचे कारण हवा हे आहे. मुळे श्वसन करतात. वातावरणात प्राणवायूचे प्रमाण सुमारे २१ टक्के असते, आणि मातीतील हवेत ते १० टक्क्यांच्या खाली उतरू लागले की मुळांची वाढ मंदावते. फरसबंदीसाठी जमीन सामान्यतः प्रमाणित प्रॉक्टर घनतेच्या (प्रयोगशाळेतील ठरावीक चाचणीत ती माती जास्तीत जास्त जितकी दाबली जाते त्या घनतेच्या) ९५ टक्क्यांपर्यंत दाबतात. त्या दाबाने मातीतील मोठी छिद्रे सर्वांत आधी मिटतात, आणि हवा खेळण्याचा व पाणी मुरण्याचा मार्ग तीच असतात. चिकण मातीची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे १.४ ग्रॅमच्या पुढे गेली, किंवा वाळूमिश्रित मातीची सुमारे १.७ च्या पुढे गेली, की कोवळ्या मुळाच्या टोकाला ती भेदणे कठीण होते. अशा जमिनीत वाफसा येतच नाही; ती एक तर कोरडी ठणठणीत असते, नाही तर पाण्याने तुंबलेली.

अशा परिस्थितीत मूळ जेथे फट सापडेल तेथे जाते. फरशी आणि तिच्याखालची दाबलेली खडी यांच्यामध्ये बारीक पोकळी असते, फरशीच्या खालच्या अंगाला ओलावा धरतो आणि हवाही मिळते. मूळ त्या पोकळीत शिरते, काही वर्षांनी जाड होते आणि फरशी वर येते. दोष झाडाच्या जातीचा आहे असे समजून लोक दुसरी जात लावतात. पण खाली जागाच नसेल तर तीही तेच करते. मुळांना अडवण्यासाठी उभे प्लास्टिक पडदे पुरणे हा एकट्याने वापरण्याजोगा उपाय नाही, असे माझे मत आहे. पडद्यामुळे मूळ खाली वळते, परंतु खालची माती घट्ट आणि हवाविरहित असल्यास पडदा ओलांडून ते पलीकडे पुन्हा वर येते. पडद्याचा उपयोग मुळांना चांगल्या मातीकडे वळवण्यासाठी होतो. चांगली माती मुळात कोठे तरी असावी लागते.

किती माती लागते, याचा हिशेब आराखड्याच्या पहिल्याच दिवशी करावा. प्रौढ झाडाच्या पर्णसंभाराच्या सावलीच्या प्रत्येक चौरस मीटरमागे ०.३ ते ०.६ घनमीटर मोकळी माती, हा व्यवहारात वापरला जाणारा अंदाज आहे. समजा, आपल्याला ८ मीटर व्यासाचा पर्णसंभार हवा आहे. त्याची सावली सुमारे ५० चौरस मीटरची होईल, आणि वरच्या मर्यादेनुसार ३० घनमीटर माती लागेल. ९० सेंटिमीटर खोलीने ही जागा ३३ चौरस मीटर होते. याउलट, नेहमीचे एक मीटर लांब, रुंद आणि खोल आळे म्हणजे अवघा एक घनमीटर. हा फरक पाण्याच्या भाषेत अधिक स्पष्ट होतो. चांगल्या पोयट्यात झाडाला घेता येईल असे पाणी घनफळाच्या सुमारे १५ टक्के धरले, तर एका घनमीटरमध्ये १५० लिटर मावते, आणि वरील आकाराचे झाड उन्हाळ्याच्या दिवसात शंभर लिटरहून अधिक पाणी सहज वापरते. म्हणजे एक-दीड दिवसाची शिदोरी. तीस घनमीटरमध्ये मात्र साडेचार हजार लिटर साठतात. लहान आळ्यातले झाड काही वर्षे चांगले वाढून मग एकाएकी खुंटते आणि शेंड्याकडून वाळू लागते, त्याचे कारण बहुधा या हिशेबातच सापडते. लोक मात्र कीड शोधत बसतात.

झाडे रांगेत असल्यास प्रत्येकासाठी वेगळा खड्डा न करता सलग चर घ्यावा. सलग चरातील माती सर्व झाडे वाटून वापरतात, आणि एखादे झाड लहान किंवा दुबळे असेल तेव्हा त्याच्या वाट्याची माती शेजारच्याला मिळते. जागा कमी असली तरी चर अरुंद ठेवणे चालते; तुटक ठेवणे शक्यतो टाळावे.

आता भाराचा प्रश्न. पहिली पद्धत खडी-माती मिश्रणाची आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात नीना बासुक आणि जेसन ग्राबोस्की यांनी १९९० च्या दशकात ती विकसित केली. सुमारे २ ते ४ सेंटिमीटरची, धारदार कोपऱ्यांची, बारीक चुरा काढून टाकलेली खडी वजनाने चार भाग आणि चिकण पोयटा एक भाग असे हे मिश्रण असते. माती खडीला चिकटून राहावी म्हणून त्यात पाणी शोषणारे जेल अगदी अल्प प्रमाणात घालतात. रोलर फिरवल्यावर खडीचे तुकडे एकमेकांना टेकून घट्ट बसतात आणि भार त्यांच्यामधून खाली जातो. मधल्या पोकळ्यांतील मातीवर दाब येत नाही, त्यामुळे मुळे तेथे शिरू शकतात. येथे प्रमाण बिघडले की सर्व बिघडते. माती जास्त झाली तर खडीचे तुकडे एकमेकांना टेकत नाहीत, भार मातीवर येतो, आणि आपण खर्च करून पुन्हा दाबलेली जमीनच तयार करतो. गोल गोट्यांनी हे काम होत नाही, कारण ते एकमेकांवरून घसरतात. खडी चुनखडकाची असेल तर मातीचा सामू (पीएच) वाढतो, म्हणून तो सहन करणारीच जात निवडावी लागते.

या पद्धतीची मर्यादाही स्पष्टपणे सांगायला हवी. मिश्रणाच्या घनफळात प्रत्यक्ष माती सुमारे एक-पंचमांश असते. म्हणजे ३० घनमीटर मिश्रणात साधारण ६ घनमीटर माती. मुळे त्यात दूरवर पसरतात हे खरे असले, तरी पाणी आणि अन्नद्रव्ये यांचा साठा कमीच राहतो. म्हणून मी हे मिश्रण मुख्य साठ्यासाठी न वापरता वाट म्हणून वापरणे पसंत करतो: झाडापासून पदपथाखालून पलीकडच्या हिरवळीपर्यंत किंवा बागेपर्यंत मुळांना जाता यावे, यासाठी ते उत्तम आहे.

स्टॉकहोम शहराने याच कल्पनेला वेगळे वळण दिले. तेथे १० ते १५ सेंटिमीटरचे मोठे दगड थराथराने दाबून बसवतात आणि नंतर माती पाण्याच्या झोताने दगडांमधील पोकळ्यांत उतरवतात. आधी मिसळत नाहीत. या थरावर मध्यम आकाराच्या स्वच्छ खडीचा हवेशीर थर असतो, आणि जागोजागी बसवलेल्या हौदांतून पावसाचे पाणी व हवा त्या थरात पोहोचते. पुढे या शहराने मातीत जैवकोळसा (काडीकचरा हवेविना तापवून केलेला कोळसा) मिसळण्यास सुरुवात केली, आणि २०१७ मध्ये बागांमधील काडीकचऱ्यापासून तो तयार करणारा प्रकल्पही उभारला. मला या पद्धतीत सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हवेचा थर. कार्बन डायऑक्साइड बाहेर पडण्याची आणि प्राणवायू आत येण्याची सोय इतक्या उघडपणे आराखड्यात क्वचितच दिसते.

दुसरी मोठी पद्धत म्हणजे फरसबंदी मातीवर टेकवायचीच नाही. ती खांबांवर किंवा सांगाड्यावर उचलून धरायची आणि तिच्याखाली मोकळी माती भरायची. टेबलावरचे ओझे जसे पायांतून जमिनीत जाते, तसा भार खांबांतून खालच्या दाबलेल्या तळावर जातो. अमेरिकेतील शार्लट शहराच्या मध्यभागी १९८५ मध्ये काँक्रीटच्या अशा उचलून धरलेल्या, म्हणजेच तरंगत्या फरसबंदीखाली ओकची झाडे लावली गेली, आणि प्रत्येक झाडाच्या वाट्याला सुमारे २० घनमीटर माती ठेवली गेली. आता यासाठी कारखान्यात तयार केलेले प्लास्टिकचे सांगाडे मिळतात. सिल्व्हा सेल हे त्यांतील एक परिचित नाव. योग्य रचना केल्यास ते वाहनांचाही भार पेलतात. त्यांच्या घनफळाचा बहुतांश भाग मातीसाठी मोकळा राहतो, हा त्यांचा मुख्य फायदा. शार्लट येथील बार्टलेट वृक्ष प्रयोगशाळेतील संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनेत, खडी-माती मिश्रणातील झाडांपेक्षा तरंगत्या फरसबंदीखालच्या न दाबलेल्या मातीतील झाडे अधिक चांगली वाढलेली आढळली. वरील घनफळाचा हिशेब पाहता यात आश्चर्य नाही.

आपल्यासारख्या नव्या कामात, खोदकाम तसेही होणारच असेल तर, मी सांगाड्यांचीच शिफारस करेन. मात्र त्यात भरायची माती विचारपूर्वक निवडावी लागते. वाळूचा अंश बऱ्यापैकी असलेला पोयटा घ्यावा. सेंद्रिय खत बेताचे घालावे, कारण खोलवरचे जादा खत कुजताना प्राणवायू संपवते आणि माती खचते. माती थराथराने भरून पायांनी तुडवावी, धुम्मस किंवा रोलर लावू नये, आणि वरच्या पृष्ठभागाखाली काही सेंटिमीटर हवेची पोकळी राखावी. मूळ फरशीला थेट टेकत नसल्यामुळे फरशी उचलली जाण्याची शक्यताही त्या पोकळीमुळे कमी होते.

पाण्याचा विचार दोन्ही बाजूंनी करावा: ते आत कसे येईल आणि बाहेर कसे जाईल. फरसबंदीवरून वाहणारे पावसाचे पाणी गाळ अडवणाऱ्या लहान हौदातून घेऊन छिद्रे असलेल्या नळीने मातीच्या वरच्या भागात पसरवता येते. झाड तहानलेले राहत नाही आणि गटारावरचा भारही हलका होतो. परंतु खालची जमीन चिकण असेल तर तेच पाणी तळाशी साचते आणि मुळे गुदमरतात. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी प्रस्तावित खोलीचा एक खड्डा खणून तो पाण्याने भरावा; दुसऱ्या दिवशीही पाणी तसेच दिसले, तर तळाशी निचऱ्याची नळी आवश्यक आहे. पाणी झिरपणारे पेव्हर ब्लॉक चांगलेच, पण केवळ त्यांच्यावर विसंबू नये. वर झिरपणारी फरशी आणि खाली दाबलेला मुरूम असेल, तर पाणी व हवा वरच्याच थरात राहते आणि मुळेही तेथेच गर्दी करतात.

त्या रांगेत आधीपासून एखादे मोठे झाड उभे असेल, तर त्याचे नियम वेगळे आहेत आणि वरील कोणतीही पद्धत त्याच्या बुंध्याजवळ खोदकाम करून राबवू नये. छातीच्या उंचीवर बुंध्याचा व्यास जितका, त्याच्या १२ पट त्रिज्येचे क्षेत्र सुरक्षित राखावे, असा ढोबळ नियम आहे; ४० सेंटिमीटर बुंध्यासाठी ते ४.८ मीटर होते. व्यासाच्या तिपटीच्या आत जाड मुळे तोडल्यास झाड उन्मळण्याचा धोका खरोखर वाढतो. तेथे यंत्राऐवजी दाबाच्या हवेने माती उडवून मुळे उघडी करावीत, मुळांच्या मधल्या जागेत सैल माती व कुजलेले खत भरावे, आणि पदपथ किंचित उंच करून लहान पायांवर ठेवलेल्या तुळयांनी मुळांवरून न्यावा.

दोन लहान गोष्टी आराखड्यात हमखास राहून जातात. बुंध्याभोवतीची उघडी जागा रोपाच्या मापाची न ठेवता प्रौढ बुंध्याच्या पायथ्याच्या मापाची ठेवावी, आणि जाळी बसवायचीच असेल तर तिची आतली कडी काढता येईल अशी असावी; न काढलेली जाळी सालीत रुतते. दुसरी गोष्ट नळ आणि केबल यांची. त्या सांगाड्यांच्या मधून नेता येतात, परंतु पुढे दुरुस्तीला येणाऱ्या माणसाला खाली काय आहे हे कळले पाहिजे, अन्यथा तो सांगाडे तोडून खड्डा मुरुमाने भरेल आणि वरून दाबून निघून जाईल. म्हणून सांगाड्यांच्या वर इशारा देणारी रंगीत पट्टी अंथरावी, त्यांची जागा सेवावाहिन्यांच्या नकाशावर नोंदवून घ्यावी, आणि खोदकामाच्या परवानगीच्या अटींतच 'काढलेली माती जशीच्या तशी, न दाबता परत भरावी' हे वाक्य घालून घ्यावे.