"पिठीला तू रोज कशी हाक मारायचास?"

पाळलेलं पाखरू किंवा जनावर घरातून निघून गेलं, की त्या घरातली माणसं माझ्याकडे समुपदेशनाला येतात. पण त्यासाठी आलोय असं पहिल्या भेटीत सांगत नाहीत. झोप लागत नाही, घरात चिडचिड होते, असं काहीबाही सांगतात. खरं कारण दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत निघतं, तेही मान खाली घालून, आणि त्याच्यामागोमाग एकच प्रश्न येतो: "त्याला आमच्याकडे राहायचं नव्हतं का हो?" गेल्या काही महिन्यांत हा प्रश्न इतक्यांदा कानावर आला, की एका मुलाची गोष्ट सांगावीशी वाटली. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, आणि ७ भेटींमधलं बोलणं इथे थोडक्यात आणलं आहे.

मुलगा १४ वर्षांचा. त्याची बदकाची मादी, पिठी, अंगणातून उडून गेली होती. अंड्यातून बाहेर पडल्यापासून त्यानेच वाढवलेली. एक कुत्रं अंगावर धावून आलं, ती फडफडत उठली आणि कुंपणावरून गेली ती गेलीच. तिच्या जोडीचा नर मागे राहिला. आई बसायच्या आतच म्हणाली, "मॅडम, ११ दिवस झाले. शाळेतून आला की सायकल काढतो आणि अंधार पडेपर्यंत ओरडत फिरतो. घसा पार बसलाय. मी म्हटलं दुसरं आणू, तर दोन दिवस जेवला नाही."

दुसऱ्या भेटीत मुलगा एकटा बसला. बराच वेळ नखं कुरतडून म्हणाला, "पंख मी कापू दिले नव्हते. आई म्हणत होती."

अशा वेळी मोठी माणसं घाईने म्हणतात, "तुझी काही चूक नाही रे." मी म्हणत नाही. त्यात मुलाला एवढंच ऐकू येतं, की माझं बोलणं यांना ऐकायचं नाही. मी म्हटलं, "पंख कापलेले असते, तर बहुधा ती कुंपणापलीकडे गेली नसती. का नाही कापू दिलेस?"

"तिला दुखेल म्हणून."

पूर्ण वाढलेली उडायची पिसं कापताना बदकाला दुखत नाही, आपण नखं कापतो तसंच ते. नव्याने फुटणाऱ्या पिसांत मात्र रक्त असतं, ती कापायची नसतात. हे मी त्याला सांगितलं आणि म्हटलं, "तुला हे ठाऊक नव्हतं. जे ठाऊक होतं त्यावरून तू तिला जपलंस." तेव्हा तो पहिल्यांदा रडला. ठपका पुसून टाकण्यापेक्षा त्याचं नेमकं माप काढून देणं जास्त उपयोगी पडतं, असा माझा अनुभव आहे.

मग त्याने तो प्रश्न विचारलाच. "पण ती परत का नाही आली? वाट माहीत नाही का तिला?"

मी विचारलं, "आपलं अंगण वरून कसं दिसतं, तुला माहीत आहे?" तो गप्प झाला. पिठीने ते अंगण जन्मभर जमिनीवरूनच पाहिलं होतं. घाबरून उठलेल्या पाखराला खाली एक अनोळखी मुलूख दिसला असणार. सोडून जाणं वेगळं आणि वाट न सापडणं वेगळं. या एका फरकाने कित्येकांच्या मनावरचं ओझं उतरताना मी पाहिलं आहे.

खरं वळण चौथ्या भेटीत आलं. तो कुठे कुठे फिरला ते सांगत होता आणि मी त्याच्या फाटलेल्या आवाजाकडे लक्ष देत होते. सहज विचारलं, "पिठी घरी असताना तू तिला रोज कशी हाक मारायचास?"

"हाक नाही मारायचो. डब्यात दाणे खुळखुळवायचो. आणि म्हणायचो..." तो थांबला.

"म्हण ना."

"चल चल चल... पिठू, चल."

अगदी हळू, लाडात आलेला आवाज. आधीच्या तीन भेटींत मी तो ऐकलाच नव्हता. त्यालाही ते जाणवलं. माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मी तर 'पिठीऽऽ' करून ओरडत फिरतोय. तिने माझा हा आवाज कधी ऐकलाच नाहीये."

त्यानंतर आम्ही दोघं कितीतरी वेळ काही बोललो नाही. एवढ्या वर्षांच्या कामात काही क्षण कायमचे जपून ठेवलेत, त्यात हा एक आहे. उत्तर त्याला त्याचं सापडलं होतं. मी फक्त योग्य जागी थांबले होते, आणि तसं थांबायला शिकायला मला बरीच वर्षं लागली आहेत.

माझा कल ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्या विचाराकडे आहे. जिवाभावाचं कुणी दुरावलं की शोधत फिरणं हा वेडेपणा नसतो, शोकाचाच भाग असतो, असं ते मानत. त्यामुळे "आता शोधणं बंद कर" असं मी कुणालाच सांगत नाही. पण शोधणाऱ्याचं दुःख कधीकधी इतकं मोठ्याने बोलतं, की जिला शोधायचं तिचा आवाज दबून जातो. बदकांत तर हे अक्षरशः खरं आहे. मोठ्याने क्वॅक क्वॅक करते ती मादी. नराचा आवाज घोगरा आणि दबका असतो. चुकलेली मादी सोबत्यांसाठी जोरजोराने ओरडू शकते. तेव्हा ओरडत फिरण्यापेक्षा गप्प उभं राहून ऐकलेलं बरं.

आम्ही बसून नवी पद्धत ठरवली. पहाटे आणि सूर्य मावळताना, जवळच्या पाणथळ जागेपासून सुरुवात करून कडेकडेने जायचं. बदक पाणी आणि आडोसा शोधतं. दर थोड्या अंतरावर थांबून कान द्यायचा, मग डबा खुळखुळवायचा. घरी नराला उघड्यावरून दिसेल अशा जागी, पण जाळीत सुरक्षित ठेवायचं. खुराड्याशी दाणापाणी असू द्यायचं. शेजारीपाजारी, प्राण्यांचे डॉक्टर, पाण्याकाठी रोज फिरायला जाणारे, सगळ्यांना फोटो द्यायचा. आणि काळोख पडला की घरी येऊन जेवायचं. ही शेवटची अट माझी होती, आणि तीवर मी अडून बसले.

चौथ्या दिवशी त्याने तिला पाहण्याआधी ऐकलं. तलावाच्या पलीकडच्या लव्हाळ्यात होती. त्याचा आवाज ऐकून पाण्यातून जवळ आली, पण काठावर चढेना. धावून पकडायचा मोह त्याने आवरला, याचं मला आजही कौतुक वाटतं. दुसऱ्या संध्याकाळी आईने नराला पिंजऱ्यात घालून काठावर आणलं, दाणे टाकले, आणि दोघं लांब बसून राहिले. तिसऱ्या संध्याकाळी पिठी नराशेजारी येऊन उभी राहिली.

सगळ्यांचं असं होत नाही. माझ्याकडे आलेल्या कितीतरी जणांची पाखरं सापडली नाहीत. त्यांना मी पॉलीन बॉस या अमेरिकी संशोधिकेबद्दल सांगते. १९७० च्या दशकात त्यांनी युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला. माणूस गेलाही नाही आणि आहेही नाही, अशा वियोगाला शेवट नसतो, हे त्यांनी दाखवून दिलं. म्हणून "ती कुठेतरी जगत असेल" आणि "ती परत येणार नाही" ही दोन्ही वाक्यं मनात शेजारी शेजारी राहू द्या, असं मी सांगते. एकाची निवड करायची सक्ती स्वतःवर करू नका. आणि "एक बदक तर होतं" म्हणणाऱ्यांना उत्तर देत बसू नका.

शेवटच्या भेटीत प्रश्न उरला होता पंखांचा. हलक्या जातीची बदकं सहज उडतात, भारी अंगाच्या पांढऱ्या पेकिन बदकांना ते सहसा जमत नाही. पिठी हलकी होती. एकाच पंखाची पुढची मोठी पिसं कापली की तोल जातो आणि उंच उडता येत नाही. दरवर्षी पिसं झडून नवी येतात, त्यामुळे तेव्हा पुन्हा कापावी लागतात. मी म्हटलं, नाहीतर वरून जाळी घाला. कुत्र्यापासूनही तीच वाचवेल. निर्णय तुमचा.

आठवड्याने आईचा फोन आला. तिने पिसं कापली होती, प्राण्यांच्या डॉक्टरांकडून आधी नीट शिकून. वर जाळीचं कामही चालू होतं. मुलाने पिठीला मांडीवर घट्ट धरलं होतं. "कात्री लागली की डोळे मिटत होता," ती म्हणाली, "पण तोंडाने सारखं चालू होतं, चल चल चल, पिठू, झालं हं."