नवीन बांधलेल्या स्विमिंग पूलचं पाणी दुधाळ झालंय, क्लोरीन टाकूनही साफ होत नाही. सगळं पाणी बदलावं का?

पाणी बदलू नका. पुढचं वाचलं नाही तरी चालेल, पण उपसायला मोटर लावू नका.

तुम्ही लिहिलंय की धुळ्याजवळ फार्महाऊसवर पूल बांधला, बोअरचं पाणी भरलं, दोन-तीन दिवसांत ते पांढुरकं झालं. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकली तर आणखी पांढरं झालं. आता कंत्राटदार म्हणतोय, हे सोडून देऊ आणि नव्याने भरू. हे शेवटचं वाचलं आणि मला राहवलं नाही. चोपडा तालुक्यात माझ्या दाजींच्या मळ्यात उभं राहून मी नेमकं हेच ऐकलंय, आणि त्यापायी भर उन्हाळ्यात एक लाख लिटर पाणी नाल्याला लागलेलं पाहिलंय.

माझी सगळी नोकरी नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रावर झाली. पावसाळ्यात तापीला पूर आला की येणारं गढूळ पाणी रात्रीत निवळून सकाळी गावाच्या टाकीत चढवायचं, हे काम. तुरटी किती, टीसीएल किती, ओटी टेस्टला (क्लोरीन मोजायच्या चाचणीला) रंग किती आला, हे हातात बसलेलं आहे. त्यामुळे पाणी का गढूळलं हे न बघता ते सोडून देणाऱ्या माणसाचा मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

दाजींनी कृषी पर्यटन सुरू करायचं ठरवलं आणि केळीच्या बागेला लागून पूल बांधला. चाळीस बाय वीस फूट, सरासरी साडेचार फूट खोल. आखाजीला (अक्षय तृतीयेला) लेकीबाळी, भाचेमंडळी माहेरी येतील तेव्हा उद्घाटन, असा बेत. पाणी भरलं तेव्हा तळाच्या टाइल्सचे सांधे मोजता येत होते. मग ते पांढरं व्हायला लागलं. कंत्राटदाराने पिशव्याच्या पिशव्या टीसीएल थेट पाण्यात ओतली. ताईचा फोन आला, "भाऊ, पानी पांढरं व्हयी गयं, काय करानं आते?"

मी फिनॉल रेडची बाटली घेऊन गेलो; पाण्याचा पीएच, म्हणजे ते किती आम्लधर्मी की अल्कधर्मी, ते तिच्या रंगावरून कळतं. पाच थेंब टाकले आणि नळीतलं पाणी गडद गुलाबी झालं, चार्टवर ८.२ चा शेवटचा खण असतो त्याच्याही पुढे. मी तिथेच सांगितलं, हा चुना आहे, घाण नाही, आधी पीएच खाली आणा. कंत्राटदार म्हणाला, नव्या सिमेंटची घाण पाण्यात उतरली आहे, एकदा बदललं की झालं. आणि दाजींनी माझ्याकडे बघून सांगितलं, "तुमनं नयनं पानी अलग, हाऊ पूल शे." म्हणजे तुमचं नळाचं पाणी वेगळं, हा पूल आहे.

मोटर लावली. लाख लिटर म्हणजे किती ते सांगतो. मे महिन्यात मोठ्या केळीच्या झाडाला ठिबकने रोज वीस-बावीस लिटर पाणी धरा. साडेचार हजार झाडांचं एका दिवसाचं पाणी नाल्याला गेलं, आणि पलीकडच्या बांधावर ज्याचा बोअर आटला होता तो माणूस ते बघत उभा होता.

रिकामा पूल उन्हात तापला. चोपड्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको. सांध्यांतलं ग्राउट तडकलं, उथळ बाजूच्या काही टाइल्स पोकळ वाजायला लागल्या. बोअर पुरेना म्हणून निम्मं पाणी टँकरने आणलं, आणि तो टँकरही कुणाच्या तरी बोअरवरच भरलेला. आखाजीला पोरं आली तेव्हा पूल अर्धा होता. पुढे भरला आणि पुन्हा तसाच पांढरा झाला. होणारच होता.

का होणार होता, ते बघा. आपल्याकडचं पाणी काळ्या खडकातून नाहीतर तापीकाठच्या गाळाच्या थरातून येतं, आणि त्या थरात चुनखडीचे खडे असतात. जमिनीखाली पाण्यात कार्बन डायऑक्साइड मुरलेला असतो, त्याच्या जोरावर चुना बायकार्बोनेट होऊन विरघळलेला राहतो. म्हणून बोअरचं पाणी वर येताना स्वच्छ दिसतं. उघड्यावर आलं की वायू उडून जातो, पीएच चढतो. पाणी उन्हाने तापलं की चुना आणखी कमी विरघळतो. त्यात नवं सिमेंट आणि ग्राउट कित्येक आठवडे पाण्यात चुना सोडत राहतं. सगळं मिळून कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण तयार होतात आणि तरंगत राहतात. तुमच्या पूलमध्ये जे दिसतंय ते हेच असणार.

टीसीएलने ते वाढलं यात नवल नाही. चांगल्या टीसीएलमध्येही क्लोरीन साधारण एक तृतीयांश, बाकी बराचसा चुनाच. आम्ही केंद्रावर ती बादलीत कालवून गाळ बसू द्यायचो आणि फक्त वरची निवळी सोडायचो. ती सरळ पूलमध्ये ओतणं म्हणजे चुन्यावर चुना. शिवाय चढ्या पीएचला क्लोरीन कामच करत नाही. ७.५ ला त्याचा निम्मा भाग मारक रूपात असतो, ८ ला पाव, ८.५ ला जेमतेम दहावा हिस्सा. ओटी टेस्टला पिवळा रंग भरपूर येईल आणि तरी कडेला शेवाळ धरेल.

दुसऱ्यांदा पांढरं झालं तेव्हाही फोन ताईनेच केला. या वेळी मी कुणाशी बोलत बसलो नाही. काचेचे दोन ग्लास मागवले, दोन्हींत पूलचं पाणी भरलं, मागे वर्तमानपत्र धरलं. मथळा दिसत होता, बारीक अक्षर वाचता येत नव्हतं. एका ग्लासात हायड्रोक्लोरिक ॲसिडचे थेंब सोडले आणि काडीने ढवळलं. बारीक बुडबुडे काचेला चिकटले, पांढरेपणा वरून खाली विरत गेला, आणि छोट्या जाहिरातींमधले फोन नंबरसुद्धा वाचता यायला लागले. दुसरा ग्लास होता तसाच पांढरा. तुम्हीही आज हेच करून बघा. थेंबांनी पाणी निवळलं तर चुना, हे पक्कं. नाही निवळलं तर माती, शेवाळ किंवा फिल्टरची बारीक रेती, आणि मग ॲसिडचा उपयोग नाही.

दाजी तो ग्लास हातात घेऊन बराच वेळ बघत होते. मी त्यांना एवढंच विचारलं की ठिबकच्या नळ्यांना तुम्ही ॲसिड कशासाठी सोडता? ड्रिपर क्षाराने बुजतात म्हणून. पाणी कुठलं? याच बोअरचं. जळगाव जिल्ह्यात ठिबक वापरणारा कुठलाही शेतकरी ॲसिड ट्रीटमेंट जाणतो. आपल्या बोअरला क्षार आहे हे ज्याला केळीच्या बांधावर कळतं, त्याने पूलच्या काठावर आल्यावर बाहेरच्या माणसाचं ऐकून पाणी का सोडावं, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

आता तुमचं काम. आधी पीएच आणि एकूण क्षारता (पाण्यात मुख्यतः बायकार्बोनेट किती आहे ते) मोजा. किट महाग नाही. पीएच ७.२ ते ७.६ आणि क्षारता ८० ते १२० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम), इथवर आणायचं आहे. लाख लिटरमागे क्षारता १० पीपीएम उतरवायला ३२-३३ टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक साधारण २ लिटर लागतं, हा हिशोब धरा, पण एकदम ओतू नका. पंप चालू ठेवून, खोल बाजूला, भिंतीपासून लांब, बादलीतल्या पाण्यात मिसळून, एका वेळी लिटरभर. काही तासांनी पुन्हा मोजा. नवं सिमेंट पीएच पुन्हा वर ढकलत राहील, त्यामुळे पहिला महिना-दीड महिना हे रोजचं काम आहे. कंटाळलात की पाणी पुन्हा पांढरं. या काळात टीसीएल बंद, हवं तर लिक्विड हायपो (पातळ क्लोरीन, सोडियम हायपोक्लोराइट) वापरा. त्यानेही पीएच थोडा चढतो, पण चुना तरी वाढत नाही.

फिल्टर चोवीस तास चालवा. फार्महाऊस शेतीच्या फीडरवर असेल तर आठ तास थ्री फेज मिळते आणि लोक समजतात, तेवढ्यात पाणी एकदा फिरलं म्हणजे गाळून झालं. तसं नसतं. गाळलेलं पाणी न गाळलेल्यात मिसळतं, एका फेऱ्यात सुमारे ६३ टक्केच पाणी फिल्टरमधून जातं. नव्या सँड फिल्टरची रेती आधी फिल्टरवरच्या काचेत पाणी स्वच्छ दिसेपर्यंत बॅकवॉश करा (उलटं पाणी सोडून धुवा), मग रिन्स (सुलटं पाणी सोडून ते बाहेर काढा). अनेक कंत्राटदार रिन्स करतच नाहीत आणि रेतीची धूळ सरळ पूलमध्ये येते.

पीएच ७.२ ते ७.५ वर आला आणि तरी धूसरपणा उरला, तरच तुरटी. पीएच आठच्या वर असेल तर तुरटीचा फ्लॉक (गढूळपणा धरून खाली बसणारे पुंजके) नीट धरत नाही, हे आमच्याकडचा शिपाईसुद्धा सांगायचा. लाख लिटरला तीन-चार किलो लागेल, पण आधी चार-पाच बाटल्यांत वेगवेगळं प्रमाण टाकून कुठे चांगला फ्लॉक बसतो ते बघा. तुरटी बादलीत विरघळवून संध्याकाळी पसरा, मल्टिपोर्टचा (फिल्टरवरच्या झडपेचा) दांडा रिसर्क्युलेटवर ठेवून, म्हणजे पाणी रेतीतून न जाता, तासभर फिरवा आणि पंप बंद. पहाटे ऊन-वारा सुरू व्हायच्या आत तळाचा गाळ हळूहळू व्हॅक्यूम करून वेस्टला, म्हणजे थेट बाहेर, काढा. फिल्टरवर घेतलात तर फिल्टर चोंदेल. तुरटीने क्षारता आणि पीएच उतरतात, म्हणून नंतर पुन्हा मोजा. क्लॅरिफायरच्या (पाणी निवळायच्या औषधाच्या) महागड्या बाटल्या पीएच न बघता टाकणं म्हणजे पैसे पाण्यात.

त्या बाटल्यांचं सांगतो, कारण दाजींकडे आठवडाभर रोज संध्याकाळी मी ॲसिड सोडलं, पीएच उतरला, पाणी निवळलं, आणि शेवटी-शेवटी कंत्राटदार येऊन अर्धी बाटली क्लॅरिफायर ओतून गेला. आजही पाहुण्यांना दाजी सांगतात, दुसरं पाणी चांगलं लागलं आणि त्या औषधाने साफ झालं. दुसरं पाणीही बोअरचंच होतं, निम्मं तर त्याच बोअरचं, तेही तसंच पांढरं झालं होतं, आणि बाटली यायच्या आधीच तळाचे सांधे दिसत होते. ताईने डोळ्यांनी पाहिलंय. नळाचं असो की पूलचं, चुना तोच आणि पीएच तोच. ज्या पाण्याला खराब ठरवून सोडलं ते त्याच रीतीने, तेवढ्याच ॲसिडमध्ये निवळलं असतं.

राहिलेलं थोडं. ॲसिड नेहमी पाण्यात टाकायचं, ॲसिडमध्ये पाणी नाही. हातमोजे, चष्मा, वाऱ्याला पाठ. ॲसिड आणि टीसीएल किंवा हायपो एका बादलीत, एका वेळी कधीच नाही, विषारी क्लोरीन वायू सुटतो. तळ स्पष्ट दिसत नाही तोवर कुणालाही पाण्यात उतरू देऊ नका, पोरांना तर मुळीच नाही, बुडणारा माणूस वरून दिसत नाही. काही पूल खरोखर रिकामे करावे लागतात, उदाहरणार्थ प्लंबिंग फुटलं तर, पण तेही भर उन्हात नाही, आणि पावसाळ्यात काळ्या जमिनीत तर विचारूनच, कारण खालचं पाणी चढलं की रिकामा पूल वर उचलला जातो.

ग्लासची चाचणी आज करा. पीएच, क्षारता आणि पूलची लांबी-रुंदी-खोली लिहा, ॲसिड किती लागेल ते सांगतो. आणि कंत्राटदाराला पाणी सोडायच्या आधी पीएचचा आकडा विचारा. तो सांगता आला नाही तर मोटरची चावी तुमच्याकडे ठेवा.