आधी किल्ली कुणाकडे ठेवायची ते ठरवा

साताऱ्याहून गोव्यात वेर्ण्याला आलेल्या ताई, तुमची अडचण वाचली. बाळ सात महिन्यांचं, रजा संपलेली, गुडघ्यांमुळे सासूबाईंना येता येत नाही. पाळणाघर शोधावं, आईला बोलवावं, की नोकरी सोडून परत जावं, असं विचारलंय तुम्ही. मी सांगलीची, वास्कोत चौदा वर्षं झाली, दोन्ही मुलं इथेच वाढली. मी आधी उलटा प्रश्न विचारते: तुमच्या घराची दुसरी किल्ली आत्ता कुणाकडे आहे?

आमची चार वर्षं कुणाकडेच नव्हती. 'उगाच कुणाला कशाला त्रास' हे माहेरचं वळण. खाली घरमालकीण आंटी राहायच्या. जाता-येता हसायचं, एक तारखेला भाडं द्यायचं, संपलं. मग एका जुलैत धाकट्याचा ताप रात्री एकदम चढला आणि त्याला झटका आला. नवरा रात्रपाळीला, लाईट गेलेली, चार वर्षांची थोरली गाढ झोपलेली. १०८ला फोन लावला आणि जिन्यातच मला रडू फुटलं, कारण एकाला न्यायचं तर दुसरीला कुणाच्या भरवशावर सोडायचं? आंटी टॉर्च घेऊन वर आल्या. "कितें जालें गो बाय?" म्हणाल्या आणि उत्तराची वाट न बघता थोरलीशेजारी आडव्या झाल्या. सकाळी घरी आले तर पोरगी त्यांच्या ओट्यावर पाय हलवत चहात उंडो, म्हणजे इथला गोल पाव, बुडवून खात होती.

तापातले असे झटके बहुतेक वेळा अपाय करून जात नाहीत, असं डॉक्टरांनी समजावलं. अर्थात पहिला झटका आला की दवाखाना गाठायचाच. पण त्या दिवशी खरी कानउघाडणी आंटींनी केली. चार वर्षं राहतेस, कधी एक नारळ मागितला नाहीस, आम्हाला वाटलं तुला आमच्याशी संबंधच नकोय! माझा भिडस्तपणा त्यांना शिष्टपणा वाटत होता.

म्हणून सांगते, मोठी अडचण यायच्या आधी छोटं काहीतरी मागा. वाटीभर साखर, प्लंबरचा नंबर, काहीही. ओळख काढायची सोपी जागा म्हणजे पोदेर, सायकलवरून दारोदार पाव विकणारा. सायकलचा भोंगा वाजला की अख्खी गल्ली फाटकाशी येते. पाव घ्यायला नवऱ्याला न पाठवता बाळाला कडेवर घेऊन तुम्हीच उतरा. बाळ असलं की बोलणं आपोआप सुरू होतं.

आता पाळणाघर. २०१७पासून कायद्यानुसार ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे. कंपनीत लेखी विचारा. तोंडी विचारलं की 'बघू' म्हणतात. बाहेरचं बघणार असाल तर दुपारी अडीचला न कळवता जा. सकाळी सगळीच पाळणाघरं छान दिसतात.

दुपारवरून आठवलं, इथे एक ते चार बरीच दुकानं बंद. आमच्या गल्लीतलं औषधाचं दुकानही. थर्मामीटर, ओआरएसची पाकिटं आणि बाळाच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांनी लिहून दिलेला पॅरासिटामॉलचा डोस घरातच ठेवा. वजन वाढलं की डोस पुन्हा लिहून घ्यायचा, हे मी एकदा विसरले होते.

आईला बोलवा, पण सहा महिन्यांसाठी नको. वास्कोत माझी आई दुसऱ्याच महिन्यात कंटाळली. ना भजनी मंडळ, ना कुणाशी दोन शब्द. तुम्ही कामावर रुजू व्हाल त्या पहिल्या तीन आठवड्यांना तिला आणा आणि त्याच दिवसांत बाळाला पाळणाघराची सवय लावा, आधी तासभर, मग अर्धा दिवस. पावसात येणार असेल तर हातात एखादा दिवस जादा ठेवा. ब्रागांझा घाटात दरड आली की मिरजेकडून येणारी गाडी रखडते, आम्ही भोगलंय.

सासूबाईंना फोनवर नुसतं 'बाळ दाखव' करत बसवू नका, काम द्या. माझ्या सासूबाई रोज साडेसातला गोष्ट सांगायच्या. मोबाईल मिसळणाच्या डब्याला टेकवलेला, समोर मुलं, आणि माझ्या तेवढ्यात चार भाकऱ्या व्हायच्या. त्यांचे सल्ले ऐका, पण वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही. यावरून आमच्याकडे आठवडाभर अबोला होता. शेवटी डॉक्टरांशीच त्यांचं बोलणं करून दिलं.

परत जायचं का, हे आत्ता ठरवू नका. रात्र-रात्र जागून काढतोय तेव्हा सगळ्यांनाच परत जावंसं वाटतं. मी दोनदा बॅग भरली होती. बाळ वर्षाचं झालं की बघा. किल्ली मात्र या रविवारीच करून घ्या.